पोहण्याची मीट म्हणजे स्पर्धा चालवायचं सॉफ्टवेअर, तीन सीझन वापरल्यावर: बाकी उत्तम, पण टाय झाला की लेन कशी देतं ते एकदा बघाच

तीन सीझन झाले हे वापरतेय. पोहण्याच्या स्पर्धेत रिझल्ट टेबलवर मी बसते, म्हणजे एंट्री भरणं, हीट शीट (प्राथमिक फेऱ्यांत कोण कुठल्या लेनला, त्याचा कागद) काढणं, टायमिंग मशीनकडून वेळा ओढून घेणं, फायनलची यादी लावणं आणि शेवटी निकाल छापून बोर्डावर चिकटवणं, हे सगळं ह्याच्यावरच चालतं, त्यामुळे डेमो बघून लिहिलेला रिव्ह्यू नाहीये हा. नाव घेत नाही, कारण मला कुणाशी भांडायचं नाहीये आणि मला जी गोष्ट खटकली ती अजून दोन सॉफ्टवेअरच्या डेमोतही अगदी तशीच दिसली. माझ्याकडून ५ पैकी ३. एक स्टार कशाने गेला ते एका ओळीत सांगून होईल: नेट गेलं की प्रिंट अडकतं आणि परत आलं तरी प्रोग्राम बंद करून चालू करावा लागतो, ते पण हीट्स चालू असताना. दुसरा स्टार गेला टायमुळे, म्हणजे दोघांची वेळ सारखी असली की कुणाला कुठली लेन द्यायची हे सॉफ्टवेअर ज्या पद्धतीने ठरवतं त्यामुळे, आणि मला त्यावरच लिहायचंय.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. क्लबांकडून आलेल्या एंट्रीच्या फाइल्स एकदम आत घेतं, नाव दोनदा आलं असेल तर विचारतं, वयोगट चुकला असेल तर अडवतं. हीट्स लावताना शेवटच्या तीन हीट्समध्ये फास्ट पोरं वाटून टाकतं, म्हणजे सगळ्यात फास्ट शेवटच्या हीटला, दोन नंबर त्याच्या आधीच्या हीटला, तीन नंबर त्याच्याही आधी, मग चौथा परत शेवटच्या हीटला. ४०० मीटर आणि त्यावरच्या शर्यतींना हे फक्त शेवटच्या दोन हीट्सपुरतं करायचं असतं आणि तेही त्याला माहीत आहे, मला कधी हाताने दुरुस्त करावं लागलं नाही. एखाद्या लहान पोराने टचपॅडला (भिंतीवरची पाटी, जिला हात लागला की घड्याळ थांबतं) नुसती बोटं टेकवली आणि पॅडला ते कळलंच नाही तर हाताने बटण दाबून वेळ घेणाऱ्यांची वेळ बाजूला लाल रंगात येते, त्यामुळे चुकीची वेळ तशीच बाहेर जात नाही. पालकांच्या मोबाइलवर निकाल दोन मिनिटांत. ह्या सगळ्यामुळे पूर्वी चार माणसं लागायची तिथे आता दोघांत काम होतं.

आता मुद्दा.

दहा वर्षांची एक मुलगी, ५० मीटर फ्रीस्टाइलच्या मार्शलिंगच्या म्हणजे शर्यतीआधी पोरांना ओळीने बसवतात त्या बाकावरून उठून थेट माझ्या टेबलाशी आली. कॅप अर्धीच डोक्यावर चढवलेली, गॉगल हातात, आणि विचारते, "मॅडम, मला दर वेळी आठच का?" मी सवयीने सांगून टाकलं, "अगं तुझी एंट्री टाइम, म्हणजे आधीची नोंदलेली वेळ, नाहीये ना, म्हणून शेवटची लेन येते." तर म्हणाली, "माझ्या हीटमध्ये कुणाचीच नाहीये."

मी शीट बघितली. पहिली हीट, आठही मुलींच्या नावापुढे एनटी, म्हणजे नो टाइम. आठही जणी नियमाच्या हिशोबाने अगदी सारख्या, आणि तरी एक जण चारमध्ये, एक जण आठमध्ये. त्या दिवशी तिला "बघते हां" एवढंच म्हणून पाठवली, पण रात्री घरी आल्यावर जुन्या चार मीट्सच्या शीट्स काढल्या. तीनदा आठ, एकदा एक. आणि तिच्याच क्लबची अजून दोन मुलं होती, त्यांचंही तेच, सात, आठ, एक, आठ.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आठ लेनच्या पूलमध्ये सगळ्यात फास्ट पोहणाऱ्याला लेन ४ मिळते, दुसऱ्याला ५, मग ३, ६, २, ७, १ आणि सगळ्यात शेवटी ८. स्टार्टच्या बाजूने पूलकडे तोंड करून उभं राहिलं की लेन १ उजव्या हाताला येते, म्हणून दोन नंबरवाला एक नंबरवाल्याच्या डावीकडे, आणि मग उजवीकडे-डावीकडे असं आलटून-पालटून. सहा लेन असतील तर सुरुवात ३ पासून, दहा लेन असतील तर त्या ० ते ९ अशा मोजतात आणि सुरुवात ४ पासूनच. हे सगळं वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या म्हणजे आधीच्या फिनाच्या (पोहण्याची जागतिक संघटना) नियमात स्पष्ट आहे, आणि त्याच नियमात पुढचं वाक्य असं आहे की ज्यांच्या वेळा सारख्या आहेत त्यांना ह्या क्रमातल्या जागा ड्रॉ काढून द्यायच्या. वेळच नसलेले एकाहून जास्त असतील तर ते यादीच्या शेवटी जातात आणि त्यांच्यातला क्रमसुद्धा ड्रॉनेच. ड्रॉ म्हणजे चिठ्ठ्या. मोठं नाव आधी, मोठा क्लब आधी, ज्याने आधी फॉर्म भरला तो आधी, असं काही त्यात नाही.

मग सॉफ्टवेअर काय करतंय? मुलीच्या आईचा अंदाज होता की आडनाव वर्णक्रमात मागे येतं म्हणून असं होतंय, आणि मलाही आधी तेच वाटलं. म्हणून मी एक खोटी मीट बनवली, सोळा नावं, सगळी एनटी, ५० फ्री. सीडिंगचं, म्हणजे हीट्स आणि लेन लावायचं, बटण दाबलं, यादी लिहून घेतली. सगळं पुसून परत दाबलं. परत. असं वीस वेळा केलं, वीसही वेळा तीच यादी, एक नाव इकडचं तिकडे नाही. मग नावं बदलली, पहिल्याचं आडनाव शेवटच्या अक्षराने सुरू होईल असं केलं, तरी यादी तीच. म्हणजे आडनावाचा संबंध नव्हता. मग यादीत पहिला होता त्याला काढून टाकला आणि त्याच नावाने नवा भरला, आणि तो थेट सोळावा झाला, त्याची लेन बदलली, हीट पण बदलली. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. सॉफ्टवेअर प्रत्येक पोहणाऱ्याला आत एक नंबर देतं, ज्या क्रमाने तो पहिल्यांदा भरला गेला त्या क्रमाने, आणि वेळ सारखी असली की चुपचाप त्या नंबरावर लावून टाकतं. हा नंबर स्क्रीनवर कुठेच दिसत नाही आणि सीझनभर बदलत नाही. त्या मुलीच्या क्लबची फाइल सीझनच्या सुरुवातीला सगळ्यात शेवटी आली होती, कारण त्यांचा सगळा कारभार एकच माणूस बघतो. म्हणजे त्या एका उशिराची किंमत ती पोरगी प्रत्येक मीटला भरत होती आणि तिला, तिच्या कोचला, मला, कुणालाच पत्ता नव्हता.

कुणी म्हणेल की लेनने काय फरक पडतो, पाणी सगळीकडे तेच. हे मला फार लोकांनी ऐकवलंय, कोचेसनी सुद्धा. आठव्या लेनमधून जिंकलेली उदाहरणं आहेतच, आणि ती फार मोठी आहेत: १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये कीरन पर्किन्स १५०० मीटरच्या फायनलमध्ये जेमतेम आठवा म्हणून आला आणि लेन ८ मधून गोल्ड घेऊन गेला, आणि टोकियोत ट्युनिशियाचा अहमद हफनावी ४०० फ्रीस्टाइलला तसाच शेवटचा म्हणून फायनलला आला आणि त्यानेही लेन ८ मधूनच गोल्ड मारलं. पण ह्या उदाहरणांमधून मला उलटंच दिसतं, की आठवी जागा म्हणजे भरतीची जागा नाहीये, ती मिळते की नाही यावर एखाद्याचं अख्खं आयुष्य बदलू शकतं, म्हणून ती कुणाला मिळाली आणि कशी मिळाली हे नीटच व्हायला पाहिजे.

आणि पाणी सगळीकडे तेच नसतं. नियमात म्हटलंय की स्पर्धेच्या वेळी पाणी हलता कामा नये, पण २०१३ च्या बार्सिलोनाच्या जागतिक स्पर्धेनंतर संशोधकांनी वेळांचे आकडे तपासले तेव्हा दिसलं की तिथल्या तात्पुरत्या बांधलेल्या पूलमध्ये बहुतेक एक प्रवाह होता, लांबच्या शर्यतींमध्ये काही लेनमधल्यांना जाताना मदत आणि येताना अडथळा, आणि दुसऱ्या बाजूच्या लेनमध्ये बरोब्बर उलटं. लांब शर्यतीत जाणं-येणं दोन्ही असतं म्हणून तो बराचसा फिटतो तरी, पण ५० मीटरला एकच लांबी, तिथे फिटायला जागाच नाही. लहान पोरांचं तर अजून वेगळं. लेन ८ ला एका अंगाला भिंत, बाकी सात जणींच्या लाटा तिथे येऊन आपटतात आणि परत फिरतात, एका बाजूला कुणी दिसत नाही, आणि दहा वर्षांची पोरगी शेजारी कोणीतरी पोहतंय ते बघूनच जोर लावते. आठ मीट्समध्ये एकदा आठ आली तर ठीक आहे, कुणाला तरी यायलाच हवी. दर वेळी तिलाच येणं ठीक नाही.

इथे सॉफ्टवेअरची एक बाजू मला मनापासून मांडायची आहे कारण अर्धंच सांगितलं तर अन्याय होईल. टायमिंग मशीन सेकंदाचा हजारावा भाग सुद्धा पकडतं, आणि ह्या सॉफ्टवेअरला तो आकडा फाइलमध्ये मिळतो, पण ते तो आकडा कुठेच वापरत नाही, शंभराव्या भागावर वेळ सारखी असली की टाय म्हणजे टाय. हे अगदी बरोबर आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलीला (चारही स्ट्रोकची शर्यत) स्वीडनचा गुनार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी दोघेही ४:३१.९८ ला आले, मग हजाराव्या भागात बघितलं, ४:३१.९८१ आणि ४:३१.९८३, आणि गोल्ड लार्सनला गेलं. दोन हजारांश. त्यांच्या सरासरी वेगाने गणित केलं तर ते अंतर तीन मिलिमीटरच्या आसपास येतं. आणि ५० मीटरच्या पूलची प्रत्येक लेन अनेक वर्षं चाललेल्या नियमाप्रमाणे ३ सेंटीमीटरपर्यंत लांब असली तरी चालायची, ४०० मीटरला आठ लांब्या म्हणजे दोन लेनमध्ये २४ सेंटीमीटरचा फरक असू शकायचा आणि तरी दोन्ही लेन नियमात बसायच्या. तिथे तीन मिलिमीटरवरून कोण पुढे कोण मागे असं ठरवणं म्हणजे भिंत बांधणाऱ्या गवंड्याचा हात मोजणं झालं. त्यानंतर नियम बदलला, शंभराव्या भागावर थांबायचं आणि टाय झाला तर झाला.

म्हणूनच मग १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये नॅन्सी हॉग्सहेड आणि कॅरी स्टाइनसाइफर दोघींना १०० फ्रीचं गोल्ड मिळालं, ५५.९२, सिडनीत अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल ज्युनिअर ५० फ्रीला २१.९८, रिओत सिमोन मॅन्युएल आणि पेनी ओलेक्सियाक १०० फ्रीला ५२.७०. त्याच रिओत १०० बटरफ्लायला स्कूलिंग पहिला आणि मागे फेल्प्स, ल क्लो आणि चेह तिघेही ५१.१४, तीन सिल्व्हर आणि ब्राँझ कुणालाच नाही. आमचं सॉफ्टवेअर हे बरोबर छापतं, दोघी पहिल्या आल्या तर पुढची थेट तिसरी.

पण मेडलचा टाय वाटून घेता येतो, फायनलची आठवी जागा वाटून घेता येत नाही. तिथे स्विम-ऑफ लागतो, म्हणजे टाय झालेल्यांनीच परत पोहायचं. आणि तिथेच मागच्या सीझनला आमचा चांगलाच घोळ झाला.

मुलींची १०० मीटर फ्रीस्टाइल, ५० मीटरचा पूल. सकाळच्या हीट्स संपल्या आणि आठव्या जागेवर दोघी, वेगवेगळ्या हीटमधल्या, दोघींची वेळ १:०४.३७. नियम सोपा आहे, सगळ्यांच्या हीट्स संपल्यावर दोन्ही बाजूंशी बोलून वेळ ठरवायची, दोघींनी परत पोहायचं, परत टाय झाला तर परत. सॉफ्टवेअरने स्विम-ऑफ आपोआप ओळखला, वेगळा इव्हेंट बनवला, शीट तयार, एकीला लेन ४, दुसरीला ५. मी छापून लावलं. पाच मिनिटांत लेन ५ वालीचे कोच टेबलाशी आले, आवाज अजिबात चढवला नाही, फक्त विचारलं, "मॅडम, ड्रॉ कुणी काढला?"

मला उत्तर देता आलं नाही. तोपर्यंत मी वीस वेळा ते बटण दाबून बघितलेलं होतं, मला माहीत होतं की ड्रॉ कुणीच काढलेला नाही.

आता चार काय आणि पाच काय, दोन्ही मधल्याच लेन, असं वाटेल. कोचनी मला समजावून सांगितलं आणि तेव्हापासून मी हे विसरलेली नाही. दोन्ही मुली उजवीकडे श्वास घेणाऱ्या. लेन ४ आणि ५. जाताना ५ वालीच्या उजव्या हाताला ४ आहे, म्हणजे पहिले पन्नास मीटर तिला समोरची दिसते आणि ४ वालीला काहीच दिसत नाही. पण टर्न मारून परत येताना सगळं उलटं होतं, आता ४ वालीच्या उजव्या हाताला ५ आली, आणि शेवटचे पन्नास मीटर, जिथे शर्यत ठरते, तिथे प्रत्येक श्वासाला ४ वालीला दिसतंय की ती पुढे आहे की मागे आणि किती, आणि ५ वाली आंधळी पोहतेय. फक्त दोघीच पाण्यात असताना दुसरं बघायला कुणीही नसतं. फार मोठा फायदा आहे असं मी म्हणत नाही, पण शंभराव्या भागासाठी परत पोहायला लावलेल्या मुलींच्या बाबतीत लहान फायदा असं काही नसतं.

रेफरींनी लगेच ऐकलं. शीट बोर्डावरून काढली, दोन चिठ्ठ्या, एकावर ४ एकावर ५, सारख्याच घड्या घातल्या, एका ऑफिशियलच्या टोपीत टाकल्या, दोन्ही मुलींना आणि दोन्ही कोचना टेबलाशी बोलावलं. जी वयाने लहान तिने आधी उचलली. आणि निकाल आला तोच, जी चारमध्ये होती ती चारमध्ये, जी पाचमध्ये होती ती पाचमध्ये. मला क्षणभर वाटलं आता परत काहीतरी होणार, पण कोचनी मान हलवली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि वॉर्म-अपला घेऊन गेले. बोर्डावर मी तीच शीट परत लावली, फक्त खाली पेनाने लिहिलं "लेन ड्रॉने" आणि रेफरींची सही घेतली.

चारवालीने १:०४.११ ला भिंत धरली, पाचवाली १:०४.२५. पाचवाली पाण्यातून वर आली, दोरीवरून हात पुढे करून दुसरीचं अभिनंदन केलं, आणि कोच जाता जाता मला म्हणाले, "थँक्यू मॅडम, बाकी पोहणं आमचं."

घोळ इथेच संपला असता तर मी एक स्टार परत दिला असता. पण मी स्विम-ऑफची वेळ आत घेतली आणि फायनलची यादी लावली तर जिंकलेली मुलगी सातवी! कारण सकाळच्या सातव्या मुलीची वेळ होती १:०४.३०, आणि सॉफ्टवेअरने स्विम-ऑफची १:०४.११ ही तिची नवी वेळ धरून तिला वर ढकललं. त्यामुळे तिला लेन १ आणि जी बिचारी सकाळी सरळ सातवी आली होती, जिचा ह्या टायशी काही संबंध नाही, ती आठव्या लेनमध्ये. स्विम-ऑफ फक्त आठवी कोण आणि नववी कोण एवढंच ठरवण्यासाठी असतो, त्याने वरच्या सात जणींच्या जागा हलत नाहीत, हारलेली पहिली राखीव आणि जिंकलेली आठवी, बस. जिला दुसऱ्यांदा पोहायची संधी मिळाली तिची ती वेळ जिला एकदाच मिळाली तिच्या वेळेशी लावायची हे कसं चालेल? मी हाताने बदललं, पण माझं लक्ष गेलं म्हणून. संध्याकाळी साडेपाचला, समोर पालकांची गर्दी, प्रिंटर कागद खातोय, अशा वेळी एखाद्या नवीन मुलाने नुसतं प्रिंट दाबलं असतं.

आणि हाताने बदललेलं टिकत नाही ही तिसरी गोष्ट. फायनलच्या आधी एखादीने माघार घेतली की राखीवला आत घेऊन सगळं परत सीड करायचं असतं, नियमच आहे तो, नवीन शीट काढायची. पण परत सीड केलं की सॉफ्टवेअर माझा ड्रॉ विसरतं. तिसऱ्या जागेवर टाय होता, चिठ्ठ्या टाकून एकीला ३ आणि एकीला ६ दिली होती, कुणीतरी वेगळ्याच मुलीने माघार घेतली, परत सीड केलं आणि त्या दोघींची अदलाबदल झाली, परत तो लपलेला नंबर. ह्या मधल्या टायकडे कुणाचंच लक्ष नसतं, कारण दोघीही फायनलला आहेतच, स्विम-ऑफ नसतो, भांडण नसतं. पण एक ३ मध्ये म्हणजे फास्टवालीच्या शेजारी, आणि दुसरी ६ मध्ये, आणि ठरवलं कशावरून तर फॉर्म कधी भरला यावरून. तिघींचा टाय झाला आणि तिघींचा स्विम-ऑफ लागला तर अजून वाईट, कारण मग ४ वालीच्या दोन्ही बाजूंना एकेक जण असते, तिला दोघी दिसतात, आणि ती मधली लेन हे दर वेळी आधी नोंदलेल्यालाच देणार.

सपोर्टला तीनदा लिहिलं. माणसं चांगली आहेत, उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, स्क्रीनशॉट मागतात. पहिल्यांदा म्हणाले नोंदणीचा क्रम म्हणजे कुणाच्या बाजूने मुद्दाम लावलेला नाहीये, त्यामुळे तो निष्पक्षच आहे. हे मला अजिबात पटलेलं नाही. कुणी मुद्दाम केलं नाही म्हणून ते निष्पक्ष होत नाही, जर दर वेळी त्याच पोराला तेच मिळणार असेल तर. दुसऱ्यांदा मी खोट्या मीटच्या वीस याद्या जोडून पाठवल्या, तेव्हा मान्य केलं की ड्रॉ होत नाहीये. स्विम-ऑफची वेळ सीडिंगमध्ये घेणारा बग त्यांनी पुढच्या अपडेटला खरंच दुरुस्त केला, त्याचं क्रेडिट देते. ड्रॉचं मात्र "यादीत आहे" असं उत्तर आहे, अजूनही.

मला फार काही नकोय. टाय दिसला की थांब आणि सांग की टाय आहे, एवढं पहिलं. मग ड्रॉ काढायचं एक बटण दे, किंवा मी चिठ्ठ्या टाकून आकडे भरेन, त्याला एक खिडकी दे. जे निघालं ते शीटवर छाप, "ड्रॉने" असा एक शब्द लेनच्या बाजूला, म्हणजे कोचला टेबलापर्यंत यावंच लागणार नाही. आणि परत सीड केलं तरी तो ड्रॉ धरून ठेव. बाकी सगळं एवढं नीट करणाऱ्या प्रोग्रामला हे अवघड नसावं.

कुणी नवीन घेत असाल, हे किंवा दुसरं कुठलंही, तर डेमोच्या वेळी त्यांच्या सुंदर चार्टकडे बघत बसू नका, पाच मिनिटं मागून घ्या. आठ नावं भरा, सगळी एनटी, सीड करा, मोबाइलवर फोटो काढा, पुसा, परत सीड करा. दोन-तीनदा करून जर तीच यादी येत असेल तर तिथेच विचारा की हा क्रम कशावरून आला. मग दोघांना आठव्या जागेवर सारखी वेळ द्या आणि स्विम-ऑफमध्ये जिंकणाऱ्याला सातव्यापेक्षा फास्ट वेळ भरा, बघा तो आठवाच राहतो का. मग एकाला माघार घ्यायला लावा. ह्या तीन गोष्टी बघितल्या की कळेल तुम्हाला.

आणि जे आधीच वापरताय त्यांच्यासाठी, मी सध्या काय करते ते सांगते. सीडिंग झालं की यादी प्रिंट करायच्या आधी एंट्री टाइमच्या कॉलमवर नजर फिरवते, सारखे आकडे आणि एनटी पिवळे करते, एनटीवाल्यांसाठी मोठ्या मीटलाही मागच्या टेबलावर खऱ्या चिठ्ठ्या टाकते, दुसऱ्या ऑफिशियलला बाजूला उभं करून, आणि लेन हाताने भरते. मोठ्या मीटला साधारण वीस मिनिटं जास्त जातात. परत सीड करायची वेळ आली तर ड्रॉचा कागद टेबलाच्या कप्प्यात असतो, त्यावरून परत भरते. सीझनच्या सुरुवातीला मी सगळ्या क्लबांना हे कळवलंय सुद्धा, की टायला आणि एनटीला ड्रॉ होईल आणि कुणाला बघायला यायचं असेल तर या, दर वेळी दोन-तीन कोच येतातच.

ती दहा वर्षांची मुलगी आता अकराची झाली. ड्रॉमध्ये तिला एकदा ५ आली, एकदा २, एकदा परत ८, आणि आठ आली त्या दिवशी ती टेबलाशी आली नाही. आता ती एनटी राहिलेली नाही, ५० फ्रीची तिची नोंदलेली वेळ आहे ४१.८६, आणि गेल्या मीटला त्याच वेळेवर ती दुसऱ्या हीटमध्ये लेन ३ मधून पोहली.